उणे बत्तीस, उणे ब्याण्णव, उणे ब्याऐंशी

गेल्या पावसाळ्यातली शनिवारची रात्र. जेवणं आटोपली होती, ओटा पुसून झाला होता, बाहेर संततधार लागलेली. झोपायच्या आधी एकदा नजर टाकू म्हणून लॅपटॉप उघडला, तर सातपैकी पाच ओळी लाल.

नोकरीखेरीज हौस म्हणून मी सॉफ्टवेअरचं पॅकेजिंग करते. म्हणजे नेमकं काय करते, हे आईला मला अजून समजावता आलेलं नाही. दुसऱ्या कुणी लिहिलेली लायब्ररी, म्हणजे इतर कार्यक्रमांना वापरता येईल असा तयार कोडचा संच, घ्यायची. ती निरनिराळ्या जातीच्या प्रोसेसरांवर बांधली जाईल, नीट बसेल, नको झाली तर काढता येईल आणि नवी आवृत्ती आल्यावर कुणाचं काही मोडणार नाही, अशी व्यवस्था लावायची. स्वयंपाक आपण केलेला नाही, लग्नही आपल्या घरचं नाही, पण पंगतीत भात कमी पडला की शिव्या वाढप्याला. तसं हे वाढप्याचं काम.

त्या रात्री लाल झालेली लायब्ररी अगदी छोटी, जेमतेम दोन हजार ओळींची. तिचं काम एकच: मराठी शब्द कोशाच्या क्रमानं लावणं. ऐकायला सोपं वाटतं. पण युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या, तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे बसवलेला आहे आणि आपल्याकडे तो ‘ह’च्या नंतर येतो, त्याच्यामागून ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’. नुसत्या आकड्यांच्या हिशेबानं लावलं तर ‘क्षमा’ ‘क’च्या घोळक्यात जाऊन बसते आणि ‘ज्ञान’ ‘ज’च्या. सांगलीकडच्या एका निवृत्त गृहस्थांना हे खटकलं. २००६ साली त्यांनी आपल्या गावच्या वाचनालयाच्या ग्रंथसूचीसाठी सी भाषेत हा कार्यक्रम लिहिला, पुढे त्याची लायब्ररी केली आणि कुणालाही वापरता यावी म्हणून खुली करून टाकली. मी त्यांना काका म्हणते. प्रत्यक्ष भेट एकदाच झाली आहे, फोन मात्र पुष्कळ.

तर सात प्रकारच्या मशीनांवर माझं पॅकेज बांधलं जातं. इंटेलच्या घराण्यातली दोन, ३२ बिटांचं आणि ६४ बिटांचं, दोन्ही हिरवी. एआरएमची दोन, पॉवरपीसी, रिस्क-व्ही आणि आयबीएमच्या मेनफ्रेमवालं एस३९०एक्स अशी पाच लाल. संकलन, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर, सगळीकडे बिनतक्रार झालेलं. नंतरच्या चाचण्यांत मराठी शब्दांचा क्रम सातमजली कोसळलेला.

अशा वेळी पॅकेजिंगवाल्याच्या मनात पहिला संशय येतो बाइटांच्या उलटसुलट क्रमाचा. एस३९०एक्सवर मोठा बाइट आधी येतो, इतरांवर लहान. पण एआरएमही लाल होतं आणि तिथे बाइटांचा क्रम इंटेलसारखाच असतो. म्हणजे तो आरोपी सुटला. दुसरा धागा: काकांच्या भाच्याकडे नवा मॅक आहे, त्यातही एआरएम जातीचीच चिप, तिथे सगळ्या चाचण्या पास. म्हणजे एआरएमचाही दोष नाही. तिसरा धागा मात्र मला रात्री साडेअकरापर्यंत दिसला नाही, आणि दिसला तेव्हा झोप उडाली. त्या पाच लाल मशीनांवर इंग्रजी शब्दांच्या सगळ्या चाचण्या पास होत्या. नापास होती ती फक्त मराठी.

घरी एक रास्पबेरी पाय पडून असतो, एआरएम चिपवर चालणारा छोटासा संगणक. त्यावर लिनक्स आहे. चार ओळींचा कार्यक्रम लिहून त्याला एकच विचारलं, की बाबा रे, तुझ्याकडे ‘चार’ या अक्षर साठवायच्या प्रकारातली सगळ्यात लहान किंमत किती? (आमच्या कॉलेजात ‘कॅर’ असं कुणी म्हणत नसे, सगळे ‘चार’च म्हणायचे. त्यामुळे ‘चार म्हणजे किती? आठ बिट’ हा विनोद दर वर्षी नव्या मुलांवर केला जायचा.) लॅपटॉपनं उत्तर दिलं, उणे १२८. पायनं उत्तर दिलं, शून्य.

आता हे जरा उकलून सांगायला हवं, कारण सगळी गोम इथेच आहे. सी भाषेत अक्षरासाठी जो आठ बिटांचा डबा असतो, त्यात उणे आकडे मावतात की नाही, हे भाषेच्या प्रमाणकानं ठरवलेलंच नाही. ज्याचं त्यानं ठरवावं असं म्हणून सोडून दिलं आहे. त्याला इतिहास आहे. सी ज्या पीडीपी-११वर वाढली, त्या मशीनमध्ये स्मृतीतून बाइट रजिस्टरात उचलताना त्याचं चिन्हही पसरत असे, म्हणून तिथे उणे धरणं स्वस्त. उलट सुरुवातीच्या एआरएम चिपांना बाइट उचलण्याची एकच सूचना होती आणि ती वरची सगळी बिटं शून्य करायची. चिन्हासकट बाइट उचलण्याची सूचना त्यांना मिळाली चौथ्या आवृत्तीत. तोवर प्रथा पडून गेली होती. लिनक्सवर एआरएमचा ‘चार’ बिनचिन्हाचा राहिला, पॉवरपीसीचा आणि एस३९०एक्सचाही तसाच, आणि मागाहून आलेल्या रिस्क-व्हीनंही तोच पायंडा उचलला. इंटेलकडे मात्र चिन्ह आहे. अॅपलनं आपल्या एआरएमवरही चिन्ह ठेवलं. म्हणून भाच्याचा मॅक पास झाला होता आणि मी तासभर चुकीच्या दिशेला भटकले होते.

इंग्रजीला यातलं काही जाणवत नाही, कारण इंग्रजी अक्षरांचे आकडे १२७च्या आत संपतात. तिथवर उणे-अधिकाचा प्रश्नच उद्भवत नाही. देवनागरीचं तसं नाही. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे युनिकोडचे क्रमांक बाइटांत लिहायच्या पद्धतीत, आपलं प्रत्येक सुटं अक्षर तीन बाइटांचं आणि तिन्ही १२७च्या वर. ‘म’ घ्या: २२४, १६४, १७४. पायवर तो तसाच दिसतो. इंटेलच्या लॅपटॉपवर तोच ‘म’ दिसतो -३२, -९२, -८२. मराठीचा ‘म’ उण्यात आहे, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

काकांच्या कोडमध्ये २५६ घरांचा एक तक्ता आहे. बाइट आला की त्या क्रमांकाच्या घरात डोकवायचं आणि तो व्यंजनाचा तुकडा, मात्रेचा की आणखी कशाचा ते ठरवायचं. पण डोकावताना ते बाइटमध्ये १२८ मिळवून डोकावत होते. रविवारी सकाळी दहा वाजता फोन केला.

“काका, तुम्ही तक्त्यात बघताना १२८ का मिळवता?”

“अगं, न मिळवून कसं चालेल? मराठी अक्षरं मायनसमध्ये येतात ना!”

“कुठे येतात?”

“कुठे म्हणजे? कॉम्प्युटरमध्ये. इंग्रजी प्लसमध्ये, मराठी मायनसमध्ये. पहिल्यांदा मीही चक्रावलो होतो. मग १२८ मिळवले, गाडी रुळावर आली.”

ते इतक्या सहज बोलले की मला क्षणभर हसावं की काय करावं कळेना. ‘मराठी मायनसमध्ये असते’ हा त्यांच्यापुरता निसर्गनियम होता, कारण त्यांनी आयुष्यात पाहिलेलं प्रत्येक मशीन इंटेलचं होतं. आणि हिशेब चोख होता. -१२८मध्ये १२८ मिळवले की शून्य, १२७मध्ये मिळवले की २५५. २५६ घरं नेमकी भरतात. इंग्रजीची घरं तक्त्याच्या उत्तरार्धात, मराठीची पूर्वार्धात. पायवर मात्र २२४मध्ये १२८ मिळवले की ३५२. तक्ता २५५ला संपतो. कार्यक्रम शेजाऱ्याच्या घरात डोकावत होता, तिथे जे काही दिसेल त्याला व्यंजन समजत होता आणि निमूटपणे शब्द लावत होता. इंग्रजी बाइट मात्र दोन्हीकडे एकाच घरात पडतो, म्हणून इंग्रजी पास.

याहून मजेशीर गोष्ट पुढे कळली. गेल्या वीसेक वर्षांच्या जुन्या फायली काकांनी जपून ठेवल्या आहेत, त्यातली सगळ्यात पहिली मी मागून घेतली. तिच्यात १२८ नाहीत. बाइट सरळ तक्त्याला क्रमांक म्हणून दिलेला आहे. जीसीसीला, म्हणजे संकलन करणाऱ्या कंपायलरला, हे कळतं. ‘-डब्ल्यूऑल’ हा फ्लॅग, म्हणजे कंपायलरला द्यायची सूचना, लावला की तो इशारा देतो, की तक्त्याचा क्रमांक म्हणून तुम्ही ‘चार’ वापरताय, जरा बघा. काकांच्या मेकफाइलमध्ये, म्हणजे बांधणीच्या सूचनांच्या फाइलीत, त्या शेजारीच ‘-डब्ल्यूएरर’ होतं, म्हणजे प्रत्येक इशारा हा गुन्हाच समजायचा आणि काम थांबवायचं. काम थांबलं. काकांनी १२८ मिळवले. आता आकड्यात आकडा मिळवला की सी भाषेत त्याचा प्रकार ‘चार’ राहत नाही, साधा पूर्णांक होतो. इशारा गेला. कार्यक्रम चालायला लागला. कंपायलर बोट दाखवत होता ती जागा बरोबर होती; कडक शिस्तीमुळे तिथे लवकरात लवकर गप्प करणारा उपाय बसला, आणि तो इतका नीट बसला की पुढे अठरा वर्षं कुणी तिकडे पाहिलं नाही.

माझंही काही वेगळं झालं नाही, हे इथेच सांगून टाकते. कारण कळल्यावर मी केलं काय? बांधणीच्या नियमांच्या फाइलमध्ये एक फ्लॅग वाढवला: ‘-एफसाइन्ड-चार’. म्हणजे कंपायलरला सांगायचं, की तुझी चालरीत काही का असेना, या घरात ‘चार’ला चिन्ह असतं. एक ओळ. तासाभरात सातही हिरवे. मी चहा केला आणि बदलाच्या नोंदीत ऐटीत लिहिलं, ‘एआरएम आणि इतरांवरील क्रमाची चूक दुरुस्त.’

तीन आठवड्यांनी तक्रार आली. रास्पबेरी पायवर कुणीतरी आपला कार्यक्रम आमच्या लायब्ररीवर बांधला होता आणि त्याचे शब्द वेडेवाकडे लागत होते. मी म्हटलं, शक्यच नाही, चाचण्या पास आहेत. मग हेडर फाइल उघडली. वेग मिळावा म्हणून काकांनी तक्त्यात डोकावणारं ते छोटं फंक्शन हेडरमध्येच ठेवलं होतं. हेडर आमच्याकडे संकलित होत नाही. ते वापरणाऱ्याच्या घरी, वापरणाऱ्याच्या फ्लॅगांनी संकलित होतं. माझा फ्लॅग माझ्या उंबऱ्यापर्यंत. लायब्ररीच्या आतला ‘चार’ चिन्हाचा, बाहेरचा बिनचिन्हाचा आणि दोघांचा तक्ता एकच.

तो फ्लॅग वापरणाऱ्यापर्यंत पोचवायची सोय आहे, नाही असं नाही. पीकेजी-कॉन्फिगच्या फाइलीत लिहून ठेवला की लायब्ररी वापरणाऱ्या प्रत्येकाच्या संकलनात तो आपोआप शिरतो. पण मग तो त्यांच्या अख्ख्या कार्यक्रमाला लागू होतो, आमच्याशी काडीचा संबंध नसलेल्या कोडलाही. चार दिवस राहायला आलेल्या पाहुण्यानं सगळ्या घराला जेवणाच्या वेळा बदलायला लावाव्यात, तसं ते. मी ते केलं नाही. मोह झाला होता.

लिनक्सच्या कर्नेलनं, म्हणजे त्याच्या गाभ्यानं, याच प्रश्नावर बरोबर उलट मार्ग धरला आहे. फेब्रुवारी २०२३मध्ये आलेल्या ६.२ आवृत्तीपासून तिथे सगळीकडे ‘-एफअनसाइन्ड-चार’ लावतात; मशीन कुठलंही असो, ‘चार’ बिनचिन्हाचा. तिथे ते शोभतं. कर्नेल हे स्वतंत्र बंगल्यात राहणारं कुटुंब आहे, त्याच्या हेडर फाइलींतलं आतलं कोड कुणा परक्या कार्यक्रमात संकलित होत नाही. लायब्ररी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरातच राहते. फ्लॅग लावावा की कोड बदलावं या वादात मी पूर्वी ‘जे चालेल ते’ म्हणायचे. आता आधी विचारते, हा फ्लॅग किती लांब पोचायला हवा आणि प्रत्यक्षात किती लांब पोचतो?

काकांच्या मेकफाइलमध्ये आणखीही रत्नं होती. ‘-ओ३ -मार्च=नेटिव्ह -एफफास्ट-मॅथ’, एका ओळीत, माळेसारखी गुंफलेली. कुठून आली विचारलं तर म्हणाले, “एका पोरानं दिली होती. म्हणाला, यानं वेग वाढतो.”

‘मार्च नेटिव्ह’ हे पॅकेजिंगवाल्यांचं जुनं दुखणं. त्याचा अर्थ, आत्ता जे मशीन बांधतंय त्याच्या अंगाला मापून शीव. शिंप्याकडे जाऊन स्वतःसाठी शिवून घ्यायचं असेल तर उत्तमच. जेंटू नावाचं लिनक्स वापरणारे तेच करतात आणि आनंदात असतात, कारण तिथे शिवतो तोच घालतो. पॅकेज हा रेडिमेड कपडा. तो शाळेच्या गणवेशासारखा वाढत्या अंगाचा घ्यावा लागतो, म्हणजे वर्गातल्या सगळ्यात अंगापिंडानं वेगळ्या पोरालाही चढेल असा. डेबियन या लिनक्सचं ६४ बिटांचं इंटेलवालं पॅकेज आजही २००३च्या पहिल्या पिढीच्या चिपांवर चालेल अशाच सूचनांत बांधतात. रेड हॅट या लिनक्सनं नवव्या आवृत्तीत ती मर्यादा एक पायरी वर नेली, दहाव्या आवृत्तीत आणखी एक. जुन्या मशीनवाल्यांच्या दृष्टीनं ते निर्दय असेल, पण निदान सांगून-सवरून केलेलं आहे. मेकफाइलीतल्या ‘नेटिव्ह’चं तसं नसतं. बांधणारं सर्व्हर मशीन नवंकोरं असतं, त्यात एव्हीएक्सच्या रुंद सूचना असतात, कंपायलर त्या खुशाल वापरतो. आणि मग एखाद्या वाचनालयातल्या जुन्या कोर टू ड्युओ चिपवर सूचीचा कार्यक्रम उघडताक्षणी ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून बंद पडतो. ग्रंथपाल बाईंना पडद्यावर ‘बेकायदेशीर’ असा शब्द दिसतो आणि त्या घाबरून संगणकच बंद करतात. हे घडलेलं आहे. बाई मला फोनवर म्हणाल्या, “आमच्याकडचं सगळं लायसन्सचं आहे हो, ताई.”

या एका फ्लॅगपायी किती बंदोबस्त झालाय पाहा. निक्स या पॅकेजिंगच्या व्यवस्थेचं कंपायलरावरचं वेष्टण ‘नेटिव्ह’ दिसलं की ते परस्पर गाळून टाकतं. तशाच होमब्रू या व्यवस्थेनंही खऱ्या कंपायलरापुढे आपला एक द्वारपाल बसवलाय, तो असे फ्लॅग काढून घेऊन मगच आत सोडतो. लेखकांना समजावून थकलेल्या लोकांनी केलेली ही योजना आहे, त्यांचा थकवा मला कळतो. तरी मला ती फारशी आवडत नाही. फ्लॅग गुपचूप गळला की लेखकाला कधी कळतच नाही की त्यानं काय लिहिलं होतं.

‘फास्ट-मॅथ’बद्दल काकांना विचारलं, “तुमच्या कोडमध्ये दशांश अपूर्णांक कुठे आहेत?” ते म्हणाले, “एकही नाही.” मग हा फ्लॅग कशाला? “फास्ट लिहिलंय ना त्यात.” एरवी मी यावर हसून ती ओळ पुसली असती. पण हा फ्लॅग बिनकामाचा असला तरी निरुपद्रवी नव्हता. जीसीसीत तो लावून लायब्ररी जोडली की तिच्यात एक बारीकसा तुकडा आपोआप चिकटायचा. कुठल्याही कार्यक्रमानं ती लायब्ररी आत घेतली की तो तुकडा जागा होई आणि प्रोसेसरचा एक स्विच फिरवून जाई: शून्याच्या अगदी जवळच्या अतिसूक्ष्म संख्यांना इथून पुढे शून्यच समज. फक्त त्या लायब्ररीपुरतं नव्हे, ती जिथे शिरली त्या कार्यक्रमातल्या सगळ्या गणितालाच. म्हणजे पहिल्या मजल्यावर कुणाकडे तरी पाहुणा आला आणि जाता जाता सोसायटीच्या टाकीचा व्हॉल्व्ह फिरवून गेला. वरच्या मजल्यावरच्यांनी नळ तपासायचे, प्लंबर बोलवायचा, त्यांना पाहुण्याचा पत्ताच नाही. जीसीसीकडे याची तक्रार नोंदली गेली २०१२ साली. २०२२मध्ये एका संशोधकानं पायथनच्या सार्वजनिक भांडारातली पॅकेजं चाळून दाखवलं की असे पाहुणे तिथे बरेच आहेत, आणि गणिताशी काही संबंध नसलेल्या पॅकेजांतूनही आलेले आहेत. पुढच्या वर्षी तेराव्या आवृत्तीत लायब्ररींपुरता तो तुकडा चिकटणं बंद झालं. अकरा वर्षं. व्हॉल्व्ह फिरवणारे बहुतेक सगळे काकांसारखेच असणार, ‘फास्ट’ हा शब्द वाचून भुललेले.

‘-डब्ल्यूएरर’ तर मी दिसेल तिथून काढते, त्यावर फार बोलणार नाही. लेखकानं स्वतःच्या खोलीत शिस्त म्हणून जरूर लावावा. पण पॅकेज पाच वर्षांनी, तेव्हा जन्मालाही न आलेल्या कंपायलरानं बांधलं जातं आणि नवा कंपायलर नवे इशारे शिकूनच येतो.

मला जास्त भीती वाटते ती न बोलता मोडणाऱ्या गोष्टींची. पुष्कळ जुन्या लायब्ररींत ‘कॉन्फिगर’ नावाची एक स्क्रिप्ट असते. बांधणीआधी ती मशीनची मुलाखत घेते. अमुक फंक्शन आहे का, तमुक सोय आहे का, असं विचारायचं असेल तर ती चार ओळींचा कार्यक्रम लिहून संकलित करून बघते. झाला तर ‘हो’, नाही तर ‘नाही’. आता त्या चार ओळीच पंचवीस वर्षांपूर्वीच्या ढिल्या सीमध्ये लिहिलेल्या असल्या तर? फंक्शन आधी न सांगता वापरणं १९९९च्या प्रमाणकानंच बंद केलं होतं, पण जीसीसी इतकी वर्षं फक्त कुरकुर करून पुढे जायचा. मे २०२४च्या चौदाव्या आवृत्तीपासून तो ठाम नकार देतो. निर्णय योग्यच होता. पण ‘कॉन्फिगर’ला त्या नकाराचं कारण कळत नाही. तिच्या दृष्टीनं संकलन झालं नाही, म्हणजे सोय नाही. ती वहीत ‘नाही’ लिहिते आणि पुढे जाते. लायब्ररी बांधली जाते, चाचण्याही बहुधा पास होतात, फक्त एक सोय गायब असते. कुठेही लाल ओळ नाही. फेडोरा या लिनक्सच्या लोकांनी म्हणूनच हजारो पॅकेजं तपासून असे छुपे नकार हुडकण्याचा खटाटोप आधीपासून केला. तेव्हापासून नवा कंपायलर आला की मी बांधणीचा निकाल बघायच्या आधी जुन्या आणि नव्या कंपायलराच्या ‘हो-नाही’च्या दोन वह्या शेजारी शेजारी उघडते. कंटाळवाणं काम आहे. गाणी ऐकत करते.

विंडोजवर मात्र एका फ्लॅगनं माझा मान ठेवला. तिथल्या मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरावर आमच्या चाचण्या वेगळ्याच कारणानं नापास होत होत्या. चाचणीत ‘यूटीएफ-८च हवं’ अशी खूण करून लिहिलेल्या ‘म’ची लांबी तीन बाइट यायला हवी तिथे सहा येत होती. छापून पाहिलं तर पडद्यावर तीन चिन्हं: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन लिपीतला ए, मग चार पायांचं एक गोलसर चलनचिन्ह, मग वर्तुळातला आर. मराठी वाचकांना ही नक्षी ओळखीची आहे. जुन्या ईमेलांत, बँकेच्या मेसेजांत, कधी निमंत्रणपत्रिकेतसुद्धा ती आपल्याला भेटलेली असते. फाइलीच्या डोक्यावर खूण नसेल तर तो कंपायलर तिला त्या मशीनच्या स्थानिक संकेतानं वाचतो. २२४, १६४, १७४ ही त्याला तीन पश्चिमी चिन्हं वाटली आणि त्यानं इमानेइतबारे प्रत्येकाचं पुन्हा यूटीएफ-८ केलं. दोन-दोन बाइटांची तीन, एकूण सहा. उपाय एका फ्लॅगचा: ‘/यूटीएफ-८’.

हा मी लावला, आणि लावताना मनात चुकचुकलं नाही. का नाही, याचा विचार करत बसले. तो फ्लॅग आमच्या फाइलीविषयी एक खरी गोष्ट सांगतो: ही फाइल यूटीएफ-८मध्ये लिहिलेली आहे. ती तशी आहेच, कुठल्याही मशीनवर नेली तरी तशीच राहील. ‘-एफसाइन्ड-चार’ मशीनला विनवत होता, की आमच्या लेखकाला तुझ्यासारखं कुणी माहीत नव्हतं, तेवढं सांभाळून घे. एका ओळीचे दोघेही, पण एक ओळखपत्र आणि एक वशिल्याची चिठ्ठी.

वशिल्याला माझा सरसकट विरोध नाही. २०२०मध्ये जीसीसीच्या दहाव्या आवृत्तीनं एकच चल अनेक फाइलींत जाहीर करण्याची जुनी मुभा काढून घेतली, तेव्हा ढिगानं पॅकेजं मोडली. मीही आठ-दहा ठिकाणी ‘-एफकॉमन’ टाकून वेळ मारून नेली होती. त्यातली दोन अजून तशीच आहेत. शेजारी टिप्पणी आहे, ‘तात्पुरतं’.

काकांच्या लायब्ररीची खरी दुरुस्ती शेवटी सात जागी झाली. तक्त्यात डोकावण्याआधी बाइटला स्पष्ट सांगायचं, की तू बिनचिन्हाचा आहेस. तक्ता मधोमध कापून त्याचे दोन्ही अर्धे अदलाबदल केले, कारण आता मराठीची घरं उत्तरार्धात जायला हवी होती. मग फ्लॅग काढला. मुद्दाम दोन्ही तऱ्हांनी बांधून पाहिलं, एकदा ‘चार’ला चिन्ह देऊन, एकदा न देता, आणि दोन्ही वेळा ‘-एफसॅनिटाइझ=अॅड्रेस’ लावून, म्हणजे कुणी शेजाऱ्याच्या घरात डोकावलं की कंपायलरनं पेरलेला पहारेकरी तिथेच ओरडतो. जुन्या कोडवर तो पायवर पहिल्याच मराठी शब्दाला ओरडला होता. नव्यावर गप्प राहिला.

बदल काकांकडे पाठवला. त्यांच्या संमतीशिवाय त्यांच्या कोडला हात लावायचा नाही, एवढं पथ्य मी पाळते. दोन दिवस काही उत्तर नाही. मला वाटलं, दुखावले की काय. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन.

“भाच्याकडून एक ते रास्पबेरी मागवलं होतं,” ते म्हणाले. “त्याच्यावर लावून बघितली सगळी सूची. ‘ह’, मग ‘ळ’, मग ‘क्ष’, शेवटी ‘ज्ञ’. बरोबर आली.”

“आणि जुन्या पीसीवर?”

“तिथेही तशीच.” मग थोडं थांबून, “त्या १२८चं काय केलंस?”

“काढले, काका. आता लागत नाहीत.”

पलीकडून काही वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता.

“अठरा वर्षं मिळवत होतो गं,” ते म्हणाले.